एक्सच्या पानावर

डिचोलीच्या कचेरीत
सूचीच्या वह्या खिडकीजवळच्या मेजावर असत,
कोपरे तेलकट, वाऱ्याने उडू नयेत म्हणून
वर नदीतला एक गोटा.
कुणीही यावं, बोटाला थुंकी लावावी, पान उलटावं.
मी बाहेरच्या बाकावर.
पोर्तुगीज अक्षर वाचून द्यायचे पन्नास रुपये,
नसले तर चहा.

पाखल्यांच्या कारकुनाने आडनावं मोजली नव्हती.
पहिल्या नावाने लावली होती माणसं.
शांता हवी तर एक्सच्या पानावर जा,
त्यांच्याकडे आपल्या श ला फुलीच होती.
तिथे शाबी, शांता,
मग शावियेर, मग लगेच शेवंती.
जेवायला जे कधी एका पंगतीला बसले नाहीत
ते एकाच शाईत,
खांद्याला खांदा लावून.

सोमवारी गेले तर मेज रिकामं.
गोटा तेवढा होता.
भिंतीवर कागद, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी:
जन्म, विवाह व मृत्यू यांच्या सूची
यापुढे जनतेस पाहता येणार नाहीत.
अर्ज करावा. नात्याचा पुरावा जोडावा.
वही क्रमांक व पान क्रमांक सुवाच्य लिहावा.

पिळगावचा गुणो च्यारी त्या कागदापुढे
चपला काढून उभा होता.
त्याला बहीण शोधायची होती.
चार दिवसांची होऊन गेली, त्याच्या जन्माआधी.
आईने शेवटच्या आठवड्यात पहिल्यांदा नाव घेतलं
आणि परत घेतलंच नाही.
गुणोला पासपोर्ट नको, जमीन नको,
फक्त बघायचं होतं की ती होती.

"नातं सिद्ध करावं लागेल," मेल्विता म्हणाली.
वाईट नाही ती पोर. तिला वरून आलंय.
"तेंच सोदूंक आयलां गे बाये."
"मग आकडा तरी द्या, मी वही काढते."
"आकडो खंय मेळटा?"
"सूचीत."
आम्ही तिघेही कपाटाकडे बघत राहिलो.

मी भांडणारच होते. वाक्य जिभेवर आलं होतं,
लोकांची नावं लोकांपासून कुलपात घालणारे तुम्ही कोण, असं काहीतरी.
गिळलं.

कारण एकोणऐंशी साली
त्याच मेजापाशी एका गृहस्थाने
माझ्या नावाखाली नख टेकवलं
आणि बापाच्या रकान्यातली आडवी रेघ
मोठ्याने वाचली.
रेघ कशी वाचतात? त्याला आली.
रांगेतल्या सगळ्यांना ऐकू गेली.
त्याच्या पुतण्याशी माझं ठरत होतं.
आईने देवळाच्या चौकात गाऊन मला वाढवलं,
शाळेत घातलं, हे पाखल्यांचं अक्षर शिकवलं;
त्याला रकाना नव्हता.
तेव्हा कुठे होतं हे कुलूप?

आत फोन वाजला. मेल्विता उठून गेली.
चाळीस वर्षं त्या पानांवरून माझं बोट गेलंय,
काही आकडे हाडाला लागलेत.
मी गुणोचा हात ओढला, तळव्यावर पेनाने लिहिलं:
शाबी.
वही अकरा. पान एकशे बासष्ट, डावीकडे.
रंधा धरून धरून कातडी इतकी टणक झालेली
की शाई धड उमटेना. दोनदा गिरवलं.

"तुका कशें कळ्ळें?"
"वाचता वाचता."
त्याने पन्नासची नोट काढली.
घेतली. काम ते काम.

माझ्या रेघेचाही आकडा पाठ आहे.
तो मी कुणाला दिलेला नाही,
आणि आता कुणी मागणारही नाही,
याचं बरं वाटावं की काय ते
बस येईपर्यंत ठरलं नाही.

निघताना गोटा पिशवीत टाकला.
मेल्विताने बघितलं, बोलली नाही.
दुपारी वारा सुटतो तेव्हा
घरच्या दाराला लावते.